नवरदेवाचं उसनं रक्त

लग्नाचं रक्त तपासायचा दिवस उजाडला की नजीबाला सकाळपासूनच मळमळायला लागायचं. रक्तानं नव्हे हो! रक्ताचं काय घेऊन बसलात, वीस वर्षं आरोग्यकेंद्राच्या त्या खोलीत तिनं दुसरं केलं काय? रक्त, लघवी, थुंकी, सगळं तिच्या हाताखालून गेलेलं. शेजारी बाटल्या मांडलेल्या असताना ती निवांत वेलचीची कॉफी पिऊ शकायची. तिला किळस यायची ती माणसांची. कपड्यांना ऊदाचा धूर देऊन, अत्तर फासून, खिडकीशी येऊन धडधडीत खोटं बोलणाऱ्या माणसांची.

"आमच्या घराण्यात नाही हो असलं काही, उम्म रिदा," प्रत्येक नवऱ्याची आई म्हणायची. उम्म रिदा म्हणजे रिदाची आई, गावात नजीबाला याच नावानं हाक मारायचे. आणि तिचा सख्खा दीर पस्तिशीतच काठी टेकून बाहेर गाडीत बसलेला असायचा, डोळे हळदीसारखे पिवळे.

आमच्या अहसाच्या, खजुरीच्या मुलखातल्या गावांची रीत तरी कशी, पाहा. आधी सोयरीक ठरणार. मग हॉल, मग पत्रिका, मग बकरे सांगून ठेवायचे, मग नवरीचे दागिने. सगळं झालं की मग कुणाला तरी आठवतं, अरे, रक्त राहिलं! सरकारी कागद नको का निकाहाला! म्हणजे रक्तानं काय करायचं, तर गपगुमान हो म्हणायचं. नाही म्हणालं तर दोष रक्ताचा नाही, नजीबाचा. "तुझ्या हातालाच बरकत नाही," असं एकीनं तिला तोंडावर सुनावलं होतं, आणि आणलेला खजुराचा डबा जाताना काखोटीला मारून परत नेला होता.

तरी नजीबा प्रत्येक जोडप्याला समोर बसवून तेच ते सांगायची. "हे बघा बाळांनो, लाल पेशी म्हणजे हमाल. तिच्या पोटात हिमोग्लोबिन असतं. फुप्फुसात जायचं, प्राणवायू उचलायचा, पायाच्या करंगळीपर्यंत पोचवायचा, रिकाम्या हातानं परत यायचं. चांगली पेशी मऊ असते, केसाहून बारीक बोळातूनसुद्धा अंग चोरून जाते आणि एकशेवीस दिवस राबते. आमच्याकडची वाकडी पेशी ओझं उतरवलं रे उतरवलं की ताठरते, कोयत्यासारखी वाकते आणि त्या बोळात आडवी पडते. मागच्या साऱ्या खोळंबल्या. पुढच्या हाडाला हवा नाही. मग माणूस गुरासारखा ओरडतो. असल्या पेशी पंधरा-वीस दिवसांत मरतात, म्हणून अंगात रक्त म्हणून ठरत नाही. हा गुण आईकडून एक, बापाकडून एक असा येतो. एकच आला तर तुम्ही धडधाकट, तुम्हाला कळणारसुद्धा नाही. पण नवरा-बायको दोघांकडे एकेक असला, तर दर बाळंतपणाला चारांत एक धोका, पोराला दोन्ही यायचा. कळलं?"

समोरचा नवरा मोबाइलमधून मान वर काढायचा आणि विचारायचा, "कागद कधी मिळेल?"

शी!

कायदा काही लग्न अडवत नाही. कागदावर 'जुळत नाही' एवढंच लिहितो. अडवायचं ते बापानं. आणि असा एकच बाप नजीबानं पाहिला होता, तिचा सख्खा भाऊ ताहेर. नजीबाचा थोरला, रिदा, हे दुखणं घेऊनच जन्माला आलेला. नवरा वाळवंटातल्या तेलविहिरींवर, महिन्यातून आठवडाभर घरी. तेव्हा रिदाला पाठुंगळीला मारून इस्पितळात पळायचा तो ताहेर मामाच. त्याच्या मुलीत, हौरामध्ये, एक वाकडा गुण आहे हे शाळेतच कळलं होतं. ताहेरनं त्या दिवशी शपथ घातली: "माझ्या पोरीला तसलाच नवरा मी देणार नाही. घरात म्हातारी झाली तरी चालेल." त्यापायी दोन सोयरिकी मोडल्या. तिसरी आता जुळली होती, शेजारच्या गावचा जासिम. शुक्रवारी निकाह. पत्रिका वाटून झाल्या होत्या, आणि नवरदेवानं रक्त दिलं होतं मंगळवारी संध्याकाळी. आज काम, उद्या काम करत शेवटी एकदाचं.

बुधवारी सकाळी नजीबा कामावर आली तेव्हा निकाल यंत्रातून निघालाच होता. वाकडं हिमोग्लोबिन: नाही. तिला केवढं बरं वाटलं! चला, हौराचं नशीब उघडलं. कागदावर शिक्का मारायला तिनं हात पुढं केला, तर खाली यंत्रानंच बारीक अक्षरात एक ओळ टाकलेली: पेशींचा आकार डोळ्यांनी पाहावा.

यंत्र कधीकधी उगाच कुरकुरतं. दुसरी कुणी असती तर शिक्का मारून मोकळी झाली असती. नजीबानं काचेवर थेंब ओढला, रंगवला, वाळवला आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला.

पेशी गोल नव्हत्या. लांबट होत्या, सगळ्या काचभर, आमच्या लाल तांदळाच्या दाण्यांसारख्या.

तिनं डोळा बाजूला घेतला, पुसला, परत लावला. तेच. हा आकार रोग नव्हे, त्यानं काही बिघडत नाही, एक खोड असते एखाद्या घराण्याची. गावात ती खोड फक्त एका घरात होती. नजीबाच्या आईत. मग नजीबात. ताहेरकडे ती आली नाही, नजीबाच्या दोन्ही मुलांत मात्र उतरली. वीस वर्षांत हजारो काचा पाहिल्या होत्या तिनं. हे दाणे तिला दुसऱ्या कुणाच्या नावाखाली कधी दिसले नव्हते.

तिच्या खणात कागदात गुंडाळलेल्या जुन्या काचा होत्या, शिकत असताना घरच्यांच्याच केलेल्या. तिनं त्या एकेक करून लावल्या. रिदाच्या काचेत दाण्यांमध्ये कोयते पडलेले. तिच्या स्वतःच्या रक्तात तो एक गुण होताच, यंत्रानं तो पकडला असता. कोयता नाही, नुसते दाणे, अशी काच एकाचीच. धाकट्या हानीची.

तिनं मारिसेलला हाक मारली. संध्याकाळच्या पाळीला रक्त काढणारी ती फिलिपिनी नर्स सात महिन्यांपूर्वीच आली होती.

"काल हा जासिम आला होता, तो कसा होता दिसायला?"

मारिसेल घाबरली. "दाढी होती, ताई. चष्मा. डोक्याला लाल चौकड्यांचं फडकं. ओळखपत्र पाहिलं मी, खरंच पाहिलं! पण तुमच्याकडे सगळे तसेच दिसतात हो."

"खरं आहे बाई," नजीबा म्हणाली. "सगळे तसलेच आहेत."

शिक्का तिनं खणात टाकला आणि कुलूप लावलं. आपलेच दात, आपलेच ओठ! वीस वर्षं ज्या घाणीवर ती नाक मुरडत आली, ती तिच्याच घरातून, तिच्याच पोटच्या पोरानं आणून तिच्याच टेबलावर ठेवली होती.

दुपारी दोनला ती घरी पोचली तेव्हा ऊन असं होतं की दाराची कडी फडक्यानं धरावी लागली. आत सगळीकडे एसी भणभणत होता, एक रिदाची खोली सोडून. थंडी लागली की त्याच्या पेशी हटकून आडव्या पडतात, म्हणून जूनच्या उन्हाळ्यातही त्याच्या खोलीत पंखासुद्धा नसे, वर मांडीला गरम पाण्याची पिशवी. तीन दिवसांपासून त्याचं दुखणं उठलं होतं. दाराशी घामाचा आणि मलमाचा वास दाटला होता.

हानी जमिनीवर बसून जेवत होता. तळलेला मासा आणि लाल भात. बावीस वर्षांचा दणकट गडी, गालावर कोवळी दाढी.

"यम्मा, आलीस? बस, मासा मस्त झालाय."

"हात दाखव."

"अगं, बरबटलेत."

"बाही वर कर म्हणते!"

त्यानं हसायचा प्रयत्न केला. नजीबानं वाकून स्वतःच त्याची बाही सरकवली. कोपराच्या खोबणीत निळसर डाग होता, बटणाएवढा. मारिसेलचा हात अजून बसलेला नाही.

"कुणाच्या नावानं दिलंस?"

हानीनं घास खाली ठेवला. खोटं बोलावं की न बोलावं, हे त्याच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं. मग खांदे पाडून म्हणाला, "जासिम चांगला मुलगा आहे, यम्मा."

"चांगला की वाईट ते मी विचारलं नाही. त्याच्यात कोयता आहे की नाही?"

"अर्धा आहे."

"अर्धा कोयता! ऐका! अर्धा इकडचा, अर्धा तिकडचा, झाला की पुरा! आणि तो पुरा कसा असतो ते तुला ठाऊक नाही? भिंतीपलीकडे निजलाय तो!"

"हळू बोल, त्याचा आत्ताच डोळा लागलाय." हानीनं आवाज उतरवला. "सगळेच करतात गं. आपल्या गल्लीतच दोघांनी केलंय. आणि आता तू बोंब मारलीस तर काय होईल? हौराचं लग्न मोडेल, मामाची मान खाली जाईल. आणि माझं गॅस कंपनीचं नोकरीचं पत्र आलंय, त्याचं काय? सरकारी कागदात खोटेपणा केला म्हणतील. पोलीस येतील. शिक्का मारून टाक ना. कुणाला कळणारे?"

"कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहतं का रे?" नजीबा म्हणाली. "पोर जन्मल्यावर त्याला झाकशील?"

 सवयीनं त्यानं परत भातात बोटं घातली. लांबट लाल दाणे, माशाच्या तेलानं चकाकणारे, त्याच्या बोटांच्या फटीतून बाहेर येत होते. सकाळची ती काच नजीबाच्या डोळ्यांपुढे उभी राहिली. ती मोरीकडे धावली आणि भडाभडा ओकली. सकाळची कॉफी, खजूर, सगळं.

"यम्मा! अगं, काय झालं?"

"दूर हो. हात लावू नकोस मला. तुझी शिसारी येते मला!"

पोटच्या पोराला असं कधी बोलली नव्हती ती. तोंड धुतलं, अबाया अंगावर ओढला आणि तशीच उन्हात भावाच्या घराकडे निघाली. एकच विचार डोक्यात: पोरीला फसवलंय. तिला आधी सांगितलं पाहिजे, ताहेरच्या आधी, तिच्या सासूच्या आधी. तिचं लग्न आहे, तिचं पोट आहे.

ताहेरच्या घरी मेंदी चालली होती. बायकांचा नुसता कल्ला. गाणी, टाळ्या, जिभांचे उलुलू, आणि ऊदाचा धूर इतका की डोळे चुरचुरावेत. मधे हिरव्या झग्यात हौरा, दोन्ही हात कोपरापर्यंत ओल्या मेंदीनं भरलेले. ताहेरची बायको फौजिया धावत आली. "या या, उम्म रिदा! नवरीची दूधआई आली!" तेही खरंच होतं. फौजियाला ताप आला तेव्हा रिदाबरोबर हौरालाही नजीबानंच वर्षभर पाजलं होतं. म्हणून तर हौरा तिच्या पोरांपुढे बहिणीसारखी मोकळी वावरायची.

"नवरीला जरा आत नेते," नजीबा म्हणाली. "आत्याचा कानमंत्र आहे."

बायका खिदळल्या. त्यांना काय, आत्या म्हणजे कानमंत्र एकाच विषयावर!

धान्याच्या खोलीत, तांदळाच्या पोत्यांमध्ये, नजीबानं दार लावून घेतलं. "हौरा, पोरी, घट्ट हो. तुला फसवलंय गं. जासिमनं दिलं ते रक्त त्याचं नाही."

हौरानं मेंदीचे हात अंगापासून दूर धरले होते. ती दचकली नाही. रडली नाही. दाराकडे पाहून हळूच म्हणाली, "हळू बोल, आत्या. बाहेर त्याची आई बसलीय."

नजीबा तिच्याकडे पाहतच राहिली.  "तुला ठाऊक होतं?"

"मीच सांगितलं हानीला. जासिम तयार नव्हता. मीच दोघांना तयार केलं."

"तू!"

"मग कुणाला सांगणार? दूधभाऊ आहे माझा, तो नाही म्हणायचा नाही. आणि तुमच्या घरात स्वच्छ रक्त त्याच्या एकट्याचं."

"शी! शी शी शी!" नजीबानं दोन्ही हात कपाळाला लावले. "दूध माझं प्यायलीस आणि रक्त माझ्या लेकाचं मागितलंस! लाज नाही वाटली? आणि माझ्याच टेबलावर पाठवलंस! मी तुझ्यासाठी उन्हातून धावत आले, आणि तू इथं मेंदी लावून बसलीयस! किळस येते गं मला तुमची. तुमच्या सगळ्यांची!"

"येऊ दे," हौरा म्हणाली. तिचा आवाज आता कापत होता, पण मागे हटत नव्हता. "सत्तावीस वर्षांची झाले मी. पहिली सोयरीक मोडली तेव्हा म्हटलं, बरं झालं. दुसरी मोडली तेव्हा महिनाभर जेवले नाही. आता नाही मोडू देणार. जासिम मला आवडतो. चारांतली तीन चांगली निघतात, आत्या. तूच सांगतेस ना सगळ्यांना?"

"आणि चौथं?"

"चौथ्याला सांभाळीन. तू नाही सांभाळलंस?"

"मला ठाऊक नव्हतं! रिदाच्या वेळी या गावात कुणाला काही ठाऊक नव्हतं!"

"रिदाच्या वेळी नव्हतं." हौरा थांबली. मग तिनं बोलूनच टाकलं. "हानीच्या वेळी होतं ना?"

बाहेर कुणीतरी ताटावर बोटांनी ताल धरला होता. नजीबाला ते स्पष्ट ऐकू येत होतं, आणि तोंडात ओकारीची कडू चव अजून होती. रिदा दोन वर्षांचा असताना डॉक्टरनं तिला समोर बसवून सगळं सांगितलं होतं. चारांत एक. तरी चौथ्या वर्षी तिनं हानीला जन्म दिला. नऊ महिने ती पोटावर हात ठेवून झोपली नाही, जणू तिथं कुणी परकं होतं. बाळ जन्मल्यावर त्याचं तोंड पाहायच्या आधी तिनं त्याच्या टाचेतून रक्त काढायला लावलं होतं. डाव लागला, इतकंच. लागला नसता तर?

"होतं," ती म्हणाली. "ठाऊक होतं मला."

"मग मला का शी शी करतेस?"

खाई त्याला खवखवे म्हणतात, ते काही उगाच नाही.  सकाळपासूनची सगळी किळस फिरून नजीबाच्याच अंगावर आली होती, आणि ती झटकायला जागा नव्हती. तिनं हौराचा दंड धरला, मेंदीच्या वर, जिथं कातडी उघडी होती.

"चल."

"कुठं? अगं, बायका बसल्यात, मेंदी ओली आहे..."

"ज्याला सांभाळलं त्याच्याकडे. दोन गल्ल्यांवर तर आहे. तुला सांभाळायचंय ना? चल, बघ तरी."

मागच्या दारानं त्या निघाल्या. हौराच्या झग्यावर नजीबानंच अबाया टाकला, कारण तिला हात वापरता येत नव्हते. फौजिया मागून ओरडत होती, "अहो, कुठं चाललात नवरीला घेऊन?" नजीबानं मागं वळून पाहिलं नाही.

रिदा जागा होता. सव्वीस वर्षांचा, पण अंग एखाद्या शाळकरी पोराचं, डोळे पिवळे, डाव्या खुब्याचं हाड कधीच झिजून गेलेलं. हौराला पाहून त्यानं चादर नीट केली.

"अरे वा! नवरी स्वतः आली? मला वाटलं, माझ्या वाटणीचा मटणाचा तुकडा घेऊन कुणीतरी येईल शुक्रवारी."

"कसा आहेस रे?"

"मजेत. माझ्या खोलीत हमाम फुकट आहे." त्यानं आईकडे पाहिलं. "यम्मा, इतकं ओरडू नकोस. भिंती पातळ आहेत. दुपारी सगळं ऐकलंय मी."

दाराच्या चौकटीत हानी येऊन उभा राहिला होता. आत यायची हिंमत नव्हती.

हौरा पलंगाच्या कडेवर टेकली, दोन्ही हात हवेत. "मग तूच सांग आत्याला, रिदा. तू खोटं बोलत नाहीस. तुझं आयुष्य वाया गेलंय का? तू नसतास तर बरं झालं असतं का?"

"छे!" रिदा म्हणाला. "कोण म्हणतं? चांगलं चाललंय माझं. सामने बघतो, हानीशी भांडतो, तुझ्या हातचा गोड मुहम्मर भात खातो. दुखत नसतं तेव्हा माझ्याइतका सुखी माणूस गावात नाही."

हौरानं नजीबाकडे पाहिलं. ऐकलंस?

आणि तेवढ्यात ते आलं. रिदाचं बोलणं मधेच तुटलं. त्यानं मांडी धरली, चेहरा वाकडा झाला, उशाचा टॉवेल दातांत धरला. त्या टॉवेलमधून जो आवाज येत होता तो माणसाचा वाटत नव्हता. तोंडातून लाळ गळत होती, अंगातून घामाच्या धारा, आणि खालची चादर ओली झाली, ती फक्त घामानं नव्हे. कुबट वास खोलीभर पसरला. पिशवी मांडीवरून घसरून खाली पडली होती.

"पिशवी," तो टॉवेलमधून म्हणाला. "हौरा, पिशवी दे."

हौरानं हात पुढं केले आणि मागं घेतले. ओली मेंदी. तिनं नजीबाकडे पाहिलं. नजीबा भिंतीला पाठ लावून उभी होती. ती हलली नाही. हानी पुढं आला तर तिनं हात आडवा घातला.

"पिशवी दे गं!"

मग हौरानं पिशवी उचलली. मेंदीच्या हातांनीच त्याच्या मांडीवर दाबून धरली, दुसऱ्या हातानं त्याचं डोकं. तीन तास बसून काढलेली नक्षी, वेली आणि फुलं, सगळी चादरीला, त्याच्या केसांना, त्याच्या लाळेला माखली. वासानं तिला उमळून येत होतं, ते तिच्या गळ्यावरून दिसत होतं. पण तिनं सोडलं नाही. किती वेळ गेला कोण जाणे. बाहेर दुपारची शेवटची अजान होऊन गेली.

हळूहळू रिदाची पकड ढिली झाली. त्यानं टॉवेल तोंडातून काढला. 

"हौरा, तुला एक सांगू?" तो म्हणाला. "फार दुखतं ना, तेव्हा मी यम्माला शिव्या घालतो. मनातल्या मनात. असतील नसतील तेवढ्या. मग आठवतं, हिला बिचारीला कुठं ठाऊक होतं? माझ्या वेळी तपासणीच नव्हती. मग राग उतरतो. तेवढ्या एका गोष्टीवर मी रात्र काढतो."

त्यानं मान वळवून तिच्याकडे पाहिलं. चिडून नाही, अगदी साधेपणानं.

"तुझं पोर कशावर काढेल?"

 हौरा आपल्या हातांकडे पाहत होती. मेंदी फिसकटली होती, तळव्यावर नुसता चिखल. तिच्या डोळ्यांतून पाणी ओघळून त्यात पडत होतं आणि तिला ते पुसतासुद्धा येत नव्हतं.

"आत्या," शेवटी ती म्हणाली, "बाबांना फोन लाव. माझे हात भरलेत."

"हानीचं काय?" दारातून हानी म्हणाला. त्याचा आवाज लहान मुलासारखा झाला होता. "यम्मा, माझं पत्र..."

नजीबानं त्याच्याकडे पाहिलं. तिचा डाव. चारांत एकाचा धोका ठाऊक असूनही तिनं खेळलेला. तिनं मोबाइल काढला आणि भावाचा नंबर लावला. पलीकडे ताहेर आधीच ओरडत होता, नवरी कुठं गेली, पाहुणे ताटकळलेत, काय तमाशा आहे हा.

"ताहेर, ऐक," नजीबा म्हणाली. "माझ्या हानीनं..."

आणि सांगायला सुरुवात केली तीच तिनं मुलाच्या नावापासून.